वहिनी, तुम्ही ‘सनसेट’ पाहिलंय का?

*ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते. लहानपणी सात वर्षं नाट्यसंगीत शिकले, इथे आल्यावर ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचं, वेड लागलं. ८ जून २०२५ च्या रात्री ब्रॉडवेवरच्या नाटकांचा टोनी पुरस्कार सोहळा बघायला आमच्याकडे दहा-बारा जण जमले होते. म्युझिकलमधल्या, म्हणजे तिथल्या संगीत नाटकातल्या, प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार ‘जिप्सी’साठी ऑड्रा मॅकडोनाल्डलाच मिळणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मिळाला ‘सनसेट बुलेव्हार्ड’च्या निकोल शेर्झिंगरला. माझी धाकटी नणंद केतकी टाळ्या पिटत उठली. माझ्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं, “तुला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पॉप बँडमधली बाई ती, तिला कसला टोनी?” केतकी ताट तसंच ठेवून निघून गेली. गणपतीलाही आली नाही. तिने ‘सनसेट’ दोनदा पाहिलंय, ‘जिप्सी’ नाही. मी ‘जिप्सी’ पाहिलं, ‘सनसेट’चं त्या रात्री टीव्हीवर दाखवलं तेवढंच. आमचे हे म्हणतात, दोघी वेड्या आहात. पुरस्कार चुकला हे तुम्ही तरी मान्य कराल ना? आणि माफी मीच मागायची का?*

*— एक वहिनी, एडिसन*

प्रिय वहिनी,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. हो, तुम्हीच मागायची. पण नेमकी कशाची, ते जरा वेळाने बघू. ‘ह्यां’चं मत बाजूला ठेवू. त्या रात्री बटाटेवड्यांच्या ताटाशी बसून ते काय बघत होते, कोण जाणे.

आता पहिला प्रश्न. तुमच्या पत्रात त्याचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. टोनीला मत देणारे आठशेच्या आसपास लोक आहेत आणि त्यांच्यासाठी एक साधा नियम आहे. ज्या विभागात मत द्यायचं, त्या विभागात नामांकन मिळालेली सगळी कामं त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली असली पाहिजेत. म्हणजे तुम्ही बाद. केतकीही बाद. या विभागात तर पाच जणी होत्या. ‘डेथ बिकम्स हर’मधल्या मेगन हिल्टी आणि जेनिफर सिमार्ड या दोघी, ‘बूप!’मधली जॅस्मिन एमी रॉजर्स, आणि तुमच्या दोघींच्या दोघी. उरलेल्या तिघींचं नावही तुमच्या पत्रात नाही. (मी पुण्यात बसून यातलं काहीच पाहिलेलं नाही. त्यामुळे ऑड्रा की निकोल, यावर माझंही मत धरू नका.)

मला गंमत वाटली ती भूगोलाची. ‘जिप्सी’ चालू होतं मॅजेस्टिक थिएटरमध्ये आणि ‘सनसेट’ सेंट जेम्समध्ये. दोन्ही पश्चिम ४४व्या रस्त्यावर, समोरासमोर. मधे एक रस्ता. तिकिटं काही सव्वा रुपयाची नसतात, हे मला कळतं. पण तो रस्ता तुम्ही दोघींपैकी एकीनेही ओलांडला नाही.

टीव्हीवर जे दिसलं ते एक गाणं. ऑड्राचंही एक आणि निकोलचंही एक. जेमी लॉइडने बसवलेल्या त्या ‘सनसेट’मध्ये नेपथ्य म्हणावं असं जवळपास काही नव्हतंच. काळा रिकामा रंगमंच, धूर, आणि नटांच्या तोंडाजवळ नेलेला कॅमेरा, ज्यातून चेहरा भल्यामोठ्या पडद्यावर जिवंत दिसायचा. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नायक टॉम फ्रान्सिस मेकअपच्या खोल्यांमधून थेट रस्त्यावर यायचा आणि गात गात चालायचा, कॅमेरा त्याच्यामागे. म्हणजे केतकीचं नाटक तुमच्या नाटकाच्या दारापर्यंत येऊन गेलं होतं! मूकपटांच्या काळातली विझलेली नटी, जिला कॅमेऱ्याशिवाय जगता येत नाही, तिची ही गोष्ट. ती या मांडणीत कशी उभी राहिली असेल, हे दिवाणखान्यातल्या पडद्यावरच्या चार मिनिटांत कळतं का? तुम्ही नाट्यसंगीत शिकलेल्या. कुणी फक्त रेकॉर्डवर पद ऐकून “नट म्हणून कच्चा होता” असं म्हणालं, तर तुम्ही त्याला सोडाल?

आणि एक खोचक प्रश्न विचारते, राग मानू नका. ऑड्रा तुम्हाला इतकी आवडते, त्याला तिच्या आवाजाची जात कारण असेल का? तिचा गळा ज्युलियार्डमध्ये शास्त्रोक्त घडलेला, उंच, गोलाईचा सोप्रानो. ‘जिप्सी’ची नायिका रोझ, तिची गाणी रचली होती १९५९ साली एथेल मर्मनसाठी, म्हणजे छातीतून फेकलेल्या, शेवटच्या रांगेवर जाऊन आदळणाऱ्या आवाजासाठी. ऑड्राने ती आपल्या गळ्याच्या धर्माने घेतली, आणि ते रोझला शोभतं की नाही यावर न्यूयॉर्कच्या समीक्षकांतही एकमत नव्हतं. कुणी म्हणालं, ही रोझ पहिल्यांदाच माणूस वाटली. कुणी म्हणालं, आवाज निसटतो. आपल्याकडे हा वाद केवढा जुना! पद रागासाठी गायचं की प्रसंगासाठी, नट आधी की गवई आधी. सांगलीत वाढलेल्या माणसाला तो घरात दुधाबरोबर मिळतो. तुमचा कौल कुठल्या बाजूचा हे मी सांगायला नको. पण तो घराण्याचा कौल आहे. केतकीला कानच नाहीत, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

पुरस्कार चुकतात का? चुकतात. आणि ते दाखवायला मला ‘जिप्सी’ आणि ‘सनसेट’ या दोन नाटकांच्या बाहेर फार जावंच लागत नाही.

‘जिप्सी’चं बघा. १९६० साली त्याला आठ नामांकनं होती आणि हातात एकही टोनी आला नाही. आज जाणकार मंडळी अमेरिकेतल्या सर्वोत्तम म्युझिकल्समध्ये ज्याला बसवतात, ते नाटक रिकाम्या हाताने घरी गेलं. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा मान ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘फिओरेलो!’ यांना विभागून दिला गेला. मर्मन हरली ती मेरी मार्टिनकडून, जी मठातून निघालेल्या मारियाचं काम करत होती. त्याच वर्षी ‘साउंड ऑफ म्युझिक’मधल्या सातही मुलांना मिळून एकच नामांकन दिलं गेलं, सहायक अभिनेत्रीचं! त्या सातांत दोन मुलगे होते. बिचारे. परीक्षकांच्या खोलीत त्या दिवशी काय शिजलं असेल, या कल्पनेने मी अजून हसते.

पुढचा हिशोब तर तुम्ही केतकीला सांगाच. ब्रॉडवेवर आजवर ‘जिप्सी’ सहा वेळा उभं राहिलं. सहा पहिल्या रोझ: मर्मन, अँजेला लॅन्सबरी, टाइन डेली, बर्नाडेट पीटर्स, पॅटी लुपोन आणि ऑड्रा. लॅन्सबरी १९७५ साली जिंकली, डेली १९९० साली, लुपोन २००८ साली. मर्मन, पीटर्स आणि ऑड्रा हरल्या. तीनास तीन. हरलेल्यांची रांग जिंकलेल्यांच्या रांगेपेक्षा कमी मानाची आहे, असं कुणी म्हणेल का? मर्मनसाठी तर ती भूमिका लिहिली गेली होती!

आता ‘सनसेट’. इथे केतकीला जरा अवघड जाईल, तेव्हा हे तिला आनंदाच्या सुरात सांगू नका. १९९४ साली हे नाटक पहिल्यांदा ब्रॉडवेवर आलं. १९९५ च्या टोनीच्या वेळी नवीन म्युझिकल्सचा इतका दुष्काळ होता की सर्वोत्कृष्ट म्युझिकलसाठी दोनच नाटकं नामांकनात होती. संहिता आणि संगीत या दोन्ही विभागांत तर ‘सनसेट’ एकटंच. शर्यतीत एकच घोडा, तोच पहिला. त्या वर्षी त्या विझलेल्या नटीचं, नॉर्मा डेस्मंडचं, काम करणाऱ्या ग्लेन क्लोजसमोरही एकटी रिबेका लुकर होती. यावरून क्लोज वाईट होती असं कुणी म्हणत नाही. पण “टोनी मिळाला म्हणजे त्या वर्षी चुरस होती” हे गृहीत धरता येत नाही, एवढं नक्की.

अशा वेळी काय करायचं यावर टोनीवाल्यांनी वेगवेगळी औषधं करून पाहिली आहेत. १९८५ साली म्युझिकलमधल्या प्रमुख नट-नटीचे विभाग आणि नृत्यदिग्दर्शनाचा विभाग सरळ रद्दच केले. १९८९ साली संहिता आणि संगीत रद्द. आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा मान जुन्या नाटकांतल्या नाचांचं संकलन असलेल्या प्रयोगाला! करोनाने अर्धवट कापलेल्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये झालेल्या सोहळ्यात, ‘मूलाँ रूज!’चा एरन ट्वेट प्रमुख अभिनेता म्हणून एकटाच नामांकनात होता. तेव्हा अट अशी होती की साठ टक्के मतं पडली तरच पुरस्कार द्यायचा. मिळाला त्याला. संगीताच्या विभागात तर त्या वर्षी एकही म्युझिकल नव्हतं, पाचही नामांकनं गद्य नाटकांच्या पार्श्वसंगीताला. आपल्याकडे २०२२ साली पुरुषोत्तम करंडक कुठल्याच एकांकिकेला दिला गेला नाही, तेव्हा केवढा गहजब झाला होता, आठवत असेल. मला स्वतःला तो निर्णय पटला होता. एकच घोडा पळवण्यापेक्षा शर्यत रद्द करणं बरं.

तुमच्या ऑड्राच्या पारड्यातलंही एक सांगायला हवं. तिच्याकडे सहा टोनी आहेत, अभिनयासाठी इतके कुणाकडेच नाहीत. नाटक आणि म्युझिकल, प्रमुख आणि सहायक, या चारही विभागांत जिंकलेली ती एकमेव. आता हे चार पूर्ण कसे झाले? २०१४ साली तिने बिली हॉलिडेचं काम केलं, बारमध्ये उभं राहून एकामागून एक गाणी म्हणणारी ती गायिका. गाण्यांनी भरलेला प्रयोग. पण तो ‘नाटक’ या विभागात धरला गेला आणि ऑड्राला सहावा टोनी मिळाला तो गद्य नाटकातली प्रमुख अभिनेत्री म्हणून. त्या वर्षी इतर गद्य नाटकांतल्या नायिकांच्या नणंदांनी काय म्हटलं असेल? तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या असणार. मीही वाजवल्या असत्या.

मला वाटतं, खरा भांडण्याजोगा मुद्दा हा असतो. कोण जिंकलं यापेक्षा कोणाला कुठल्या रांगेत उभं केलं, हा. प्रमुख की सहायक, हे तिथे मुळात नाव पहिल्या प्रयोगाच्या माहितीपुस्तिकेत शीर्षकाच्या वर आहे की खाली यावरून ठरतं. समितीने वेगळा निर्णय दिला तर बदलतं, आणि निर्माते तसे अर्ज करतातच. २००० साली ‘कॉन्टॅक्ट’ला सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा मान मिळाला. त्यात नट गात नव्हते, वादक नव्हते, ध्वनिमुद्रित संगीतावर नाच होता. वादकांची संघटना खवळली. नाच अप्रतिम होता असं पाहणारे सांगतात, पण त्याला म्युझिकल म्हणायचं का? पुढच्याच वर्षीपासून ‘विशेष नाट्यप्रयोग’ असा वेगळा विभाग काढावा लागला. असं भांडण नियम बदलायला लावतं. “तुला ओ की ठो कळत नाही” या वाक्याने जगातला कुठलाही नियम आजवर बदललेला नाही.

मतदार कोण, हाही तसाच मुद्दा. त्यांत कलावंत आहेत तसे निर्माते आहेत, आणि देशभरातल्या शहरांत दौऱ्याची नाटकं लावणारे थिएटरवालेही आहेत. त्यांना टोनी मिळालेलं नाटक आपल्या गावात हवं असतं. २००४ साली बाहुल्यांचं छोटं, वात्रट ‘ॲव्हेन्यू क्यू’ अवाढव्य ‘विकेड’ला हरवून गेलं, आणि मग त्याच्या निर्मात्यांनी दौऱ्याऐवजी लास व्हेगासचा करार केला, तेव्हा हे थिएटरवाले भयंकर चिडले. आम्ही मत कशासाठी दिलं, असा त्यांचा सूर होता. ‘विकेड’ अजून चालू आहे, म्हणून तो निकाल चुकीचा होता असं आता बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. जास्त दिवस चालणं हे चांगलं नाटक असण्याचं प्रमाण असेल, तर मग पुरस्कार कशाला, तिकीटविक्रीचा ताळा पुरे. (त्याच हंगामात ए. आर. रहमानचं ‘बॉम्बे ड्रीम्स’ ब्रॉडवेवर होतं. नृत्य, वाद्यवृंदरचना आणि वेशभूषा अशी तीन नामांकनं, पुरस्कार शून्य. तेव्हाही जर्सीतल्या आपल्या लोकांनी रागारागाने चहा ढवळला असणार.)

एक स्वतःचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी नाट्यपदांच्या स्पर्धेत मी परीक्षक होते. आम्ही तिघे. माझ्या मते एक मुलगी निर्विवाद पहिली होती. दुसऱ्या परीक्षकांचा निर्विवाद पहिला वेगळा, तिसऱ्यांचा आणखी वेगळा. माझ्या पहिलीला त्यांनी पाचवी धरली होती, त्यांच्या पहिल्याला मी सातवा. गुणांची बेरीज केली तर पहिला आला तो एक मुलगा, जो आम्हा तिघांच्याही यादीत दुसरा होता. कुणाचाच आवडता नाही, पण कुणाचाच नावडताही नाही. निकाल वाचताना त्याचं नाव घेतलं आणि त्याचे स्वतःचे आई-वडीलच आधी चकित झाले. नंतर एसटी स्टँडवर माझ्या पहिलीचे वडील भेटले. म्हणाले, “बाई, आमचं कुठे चुकलं?” मी तानांबद्दल काहीतरी बोलले. खोटं बोलले. कुठेच चुकलं नव्हतं. बेरीज तशी आली होती.

टोनीत बेरीज उलट चालते. तिथे दुसऱ्या पसंतीला किंमत नाही, ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला. पाच जणींत मतं वाटली गेली तर शेकड्यात एकवीस मतांवरही नाव पुकारलं जाऊ शकतं. आकडे कधी जाहीर होत नाहीत. त्यामुळे निकोल भरघोस मतांनी जिंकली की ऑड्रा दोन मतांनी हरली, हे तुम्हाला, मला, केतकीला कधीच कळणार नाही. त्यावर तुम्ही घरातलं माणूस गमावताय.

आता माफी. ऑड्रा श्रेष्ठ होती, या मताची माफी मागू नका. ते मागे घेतलंत तर केतकीलाही ते खोटं वाटेल, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच होईल. पुरस्काराचा विषयही काढू नका. माफी फक्त त्या एका वाक्याची, आणि ते वाक्य सगळ्यांसमोर बोलल्याची. केतकीच्या जागी बसून बघा. जिने पैसे साठवून एक नाटक दोनदा पाहिलं, जिला आपल्या कॉलेजच्या दिवसांतली गायिका रंगमंचावर उभी राहून जिंकताना दिसली, ती आनंदाने उठली, आणि जिच्या घरी ती हक्काने येते त्या वहिनीने चारचौघांत तिला अडाणी ठरवलं. तिला पुरस्काराचं काय वाटलं, याचा यात काही संबंधच नाही. कदाचित तुम्ही सात वर्षं शिकलात आणि ती नाही, हे तिला आधीपासून बोचत असेल. तुम्हीच ओळखा.

फोन करा, मेसेज नको. “केतकी, त्या रात्री मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच. मी ‘सनसेट’ पाहिलेलंही नव्हतं.” एवढंच. पुढे ‘पण’ लावायचा नाही. तिने ऐकवलं तर ऐकून घ्यायचं. आणि जेवायला त्याच मंडळींना बोलवा, त्यांच्यासमोर तिला म्हणा, “केतकी, तू ते नाटक कसं पाहिलंस ते सांग ना.” मग खरंच ऐका. मधेच सुधारू नका. आता दोन्ही प्रयोग बंद झालेत, ‘सनसेट’ जुलैत आणि ‘जिप्सी’ ऑगस्टमध्ये. तुम्हाला तुमची चूक तिकीट काढून दुरुस्त करता येणार नाही. केतकीने जे पाहिलं ते आता केतकीकडेच आहे.

त्यानंतर एका शनिवारी दोघी सकाळच्या गाडीने एडिसनहून पेन स्टेशनला जा. टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे, तिथे त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात, हे तुम्हाला माहीतच असेल. ‘शिकागो’ची दोन काढा. १९७६ साली त्याला अकरा नामांकनं होती आणि टोनी एकही नाही, बहुतेक सगळं ‘अ कोरस लाइन’ने नेलं. नऊशे छत्तीस प्रयोगांनंतर ते बंद पडलं. १९९६ साली पुन्हा आलं, ते अजून अँबॅसॅडर थिएटरमध्ये चालू आहे. मध्यंतरात कॉफी तुम्ही घ्या. आणि परतीच्या गाडीत कुठली नटी जास्त आवडली ते आधी तिला सांगू द्या.

तुमची,
ताई